प्रमाणपत्रांपेक्षा नोंदवही: स्वयंसेवेतून पर्यावरणक्षेत्रात शिरताना

नोकरीसाठी आलेले अर्ज चाळण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य इतक्या वेळा यायचं की पुढेपुढे नजर त्याच्यावरून घसरून जाई. एका अर्जात ते नव्हतं. त्याच्या जागी दोनच ओळी होत्या: एका तळ्यावर १४ महिने रविवारी सकाळी पक्षी मोजले, त्यातले ९ रविवार हुकले, कोणते आणि का ते सोबतच्या तक्त्यात आहे. मी आधी तक्ता उघडला. पदवी कोणती, गुण किती, हे त्यानंतर पाहिलं.

या क्षेत्रात शिरताना बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. स्वयंसेवा हा त्यातून निघायचा जुना रस्ता. पण चार-पाच वर्षं स्वयंसेवा करून हाती फक्त टी-शर्ट आणि प्रमाणपत्रांचा गठ्ठा उरलेली माणसंही मी पुष्कळ पाहिली. मेहनतीत ती कुठे कमी पडली नव्हती. या महिन्यात किनारा साफ करायचा, पुढच्या महिन्यात रोपं लावायची, मग एखादी जनजागृती फेरी, अशी फिरत राहिल्यामुळे दुसऱ्या कुणाला वापरता येईल असं त्यांच्या मागे काही राहिलंच नव्हतं. पुढचा सगळा खटाटोप ते मागे राहावं यासाठी आहे.

## पहिली पायरी: नेमकं काम ठरवा

‘पर्यावरणात काम करायचंय’ असं म्हणणं म्हणजे ‘आरोग्यात काम करायचंय’ म्हणण्यासारखं. त्यात शल्यविशारदही आला आणि रुग्णालयाचा हिशेबनीसही. तेव्हा विषय बाजूला ठेवा आणि त्या कामातला दिवस कसा जातो ते आधी पाहा.

प्राणी-वनस्पतींचं सर्वेक्षण करणाऱ्याचा दिवस पहाटे चिखलात सुरू होतो आणि रात्री स्प्रेडशीटपुढे संपतो. पाणी-हवेचं प्रदूषण मोजणाऱ्याचा निम्मा वेळ बाटल्यांवर लेबलं लावण्यात आणि उपकरणं कॅलिब्रेट करण्यात, म्हणजे ती बरोबर माप दाखवतात ना हे पडताळण्यात, जातो. पर्यावरण आघात मूल्यांकनात, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्यात (अमेरिकेत १९७० पासून लागू झालेल्या कायद्यातून ही पद्धत पुढे जगभर पसरली) मुख्यतः वाचायचं आणि लिहायचं असतं: शेकडो पानांचे अहवाल, नकाशे, लोकांच्या हरकती. कंपन्यांचा कार्बनचा हिशेब मांडणारा विजेची बिलं आणि डिझेलच्या पावत्या मागत फिरतो. उजाड जमिनीवर पुन्हा झाडोरा उभा करणाऱ्याची कंबर धरते. शिवाय शिकवणारे, बातम्या लिहिणारे, खटले लढवणारे, निधी उभारणारे आहेतच.

यातलं सगळ्यात रोमांचक काय, हे विचारूच नका. वाघाचा माग काढायला कुणाला आवडणार नाही? मागावर जाण्याचे दिवस थोडे आणि मिळालेले फोटो एकेक करून चाळण्याचे दिवस फार. ज्या कामातला कंटाळवाणा भाग तुम्हाला विशेष बोचत नाही, ते काम तुमचं.

दुसरं असं की आज हातात असलेलं कसब टाकून देऊ नका. पुढे ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिणाऱ्या रेचल कार्सन यांनी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती, तरी १९३५ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य खात्यात त्यांना पहिलं काम मिळालं ते समुद्री जीवांवर रेडिओसाठी संहिता लिहिण्याचं, तेही अर्धवेळ. पुढच्याच वर्षी त्या त्याच खात्यात कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल १९५७ मध्ये केनियाला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, सचिवाच्या कामाचं प्रशिक्षण होतं. मानवाच्या उगमाचे अभ्यासक लुई लीकी यांच्याकडे त्या सचिव म्हणूनच लागल्या आणि १९६० मध्ये चिंपांझींच्या अभ्यासासाठी आजच्या टांझानियातल्या गोम्बेला पोहोचल्या. केंब्रिजची पीएचडी त्यानंतरची. हिशेब, भाषांतर, गाडी चालवणं, फोटोग्राफी, वेबसाइट सांभाळणं, यातलं काहीही येत असेल तर छोट्या संस्थांना ते पक्षी ओळखण्याइतकंच हवं असतं. कधी कधी जास्तच.

## दुसरी पायरी: परवानगी न मागता सुरू करा

कुठल्याही संस्थेला लिहिण्याआधी तीन महिने स्वतःच्या स्वतः काम करा. कुणी नेमायची गरज नाही.

पक्ष्यांच्या नोंदींसाठी ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ आहे, २००२ पासून. बाकी सगळ्या सजीवांसाठी २००८ मध्ये सुरू झालेलं ‘आयनॅचरॅलिस्ट’. तिथे फोटो किंवा आवाज, तारीख आणि जागा टाकायची. इतर जाणकार ओळख पटवतात आणि पुरेशी सहमती झाली की नोंदीला संशोधनयोग्य दर्जा मिळतो. खुल्या परवान्याखालच्या अशा नोंदी पुढे ‘जीबीआयएफ’ या जागतिक साठ्यात जातात आणि तिथून संशोधकांच्या हाती पडतात. प्रकृतीमुळे किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बाहेर पडता येत नसेल तर ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर बसल्या जागी कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) फोटो ओळखता येतात, जुनी हस्तलिखितं वाचून टंकता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही भाषांतर, मांडणी, माहितीचं विश्लेषण अशी ऑनलाइन कामं निघतात.

इथे नवखे एक चूक हमखास करतात: फक्त दुर्मीळ ते नोंदवायचं. कावळा, कबुतर, साळुंकी काय लिहायची! पण ईबर्डवर यादी भरताना विचारलं जातं की ओळखू आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का. त्याला प्रामाणिक ‘हो’ देता आलं तर यादीची किंमत कितीतरी वाढते, कारण मग यादीत काय नाही यालाही अर्थ येतो. किती वेळ थांबलात, किती अंतर चाललात, बरोबर किती जण होते, हेही लिहा. दोन तास चालून काहीच दिसलं नाही तर तीसुद्धा नोंद आहे. शून्य लिहायला लागलात की तुम्ही हौशी फिरस्ते राहिला नाहीत.

हौशी माणसांच्या नोंदींचं पुढे काय होतं याची दोन उदाहरणं देतो. उत्तर अमेरिकेत नाताळला पक्ष्यांची शिकार करण्याची चढाओढ चाले. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली त्याऐवजी पक्षी मोजायची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती गणना आजही चालू आहे. दुसरं उदाहरण जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या कीटकप्रेमींचं. त्यांनी १९८९ पासून ६३ संरक्षित क्षेत्रांत एकाच प्रकारचे सापळे लावून उडत्या कीटकांचं वजन केलं. २७ वर्षांत ते तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचं २०१७ मध्ये शोधनिबंधातून जाहीर झालं आणि जगभर खळबळ उडाली. त्या निबंधाची ताकद पद्धत न बदलण्यात होती: तोच सापळा, तीच बाटली, तसंच वजन.

तुमच्या तीन महिन्यांसाठी एवढं पुरे: चालत पोहोचता येईल अशी एक जागा, आठवड्याचा एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेली पद्धत. फुलपाखरं मोजायची असतील तर वाट ठरवून सावकाश चालायचं आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर व पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीत दिसेल तेवढंच मोजायचं. ब्रिटनमधली फुलपाखरांची गणना १९७६ पासून याच पद्धतीने चालते. चौकटीच्या बाहेर कितीही सुंदर फुलपाखरू बसलेलं असो, ते मोजायचं नाही. हे जमायला वाटतं त्यापेक्षा जड जातं.

## तिसरी पायरी: संस्था पारखून घ्या

मोठं नाव पाहून धावू नका. मोठ्या संस्थेत स्वयंसेवक शेकड्याने असतात. तुमचं नाव लक्षात राहायलाच वर्ष जातं. पाच-सात माणसांच्या संस्थेत तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी हातात कॅमेरा किंवा किल्ल्यांचा जुडगा देतं.

जाण्याआधी विचारायचे प्रश्न असे: माझं काम कोण पाहील? इथे गोळा होणारी माहिती कुठे जाते, कोण वापरतं? आधीचे स्वयंसेवक पुढे काय करू लागले? फील्डवर अपघात झाला तर काय व्यवस्था आहे, विमा आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला तर पाय मागे घ्या. पाणी, विंचू-साप, उंच कडे, वणवा, यांच्याशी गाठ पडणाऱ्या कामात हा प्रश्न फाजील नाही.

पैसे घेऊन स्वयंसेवा ‘विकणाऱ्या’ सहलींबद्दल माझं मत कडक आहे. राहण्याखाण्याचा खर्च मागणं रास्त; तो कशावर जातो याचा तपशील मिळत नसेल तर ती सहल आहे, सहल म्हणूनच जा. आणि जिथे सिंहाचे बछडे कुरवाळायला, बाटलीने दूध पाजायला देतात, तिथे तर जाऊच नका. जंगलात परत जाणाऱ्या प्राण्याला माणसाची सवय लागू नये म्हणून जातिवंत बचाव केंद्रं जिवाचं रान करतात.

पत्र लिहिताना ‘काहीही काम द्या’ असं लिहू नका. नम्रपणा म्हणून ते ठीक, पण तुमच्यासाठी काम शोधण्याचं ओझं त्यात समोरच्यावर पडतं. त्यापेक्षा हे पाहा:

‘नमस्कार. तुमच्या नदी-पाहणीचा गेल्या वर्षीचा अहवाल वाचला. वरच्या टप्प्यातल्या ठिकाणांच्या पावसाळ्यातल्या नोंदी त्यात तुटक दिसल्या. मी शनिवार-रविवार मिळून आठ तास देऊ शकते, पुढचे सहा महिने नक्की. स्प्रेडशीट चांगली येते, जंतू-कीटकांची ओळख अजिबात नाही, शिकायची तयारी आहे. गेल्या तीन महिन्यांत एका ओढ्याकाठी केलेल्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.’

वाचलेला अहवाल, नेमके तास, काय येतं आणि काय येत नाही. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग दुसरं दार ठोठवा. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की पत्र वाचणारं माणूस पाण्याच्या बाटल्या घेऊन कुठेतरी बाहेर असतं.

## चौथी पायरी: पहिले तीन महिने ‘तिथेच’ राहा

सुरुवातीला मिळणारं काम क्षुल्लक वाटेल. पिशव्यांवर क्रमांक घालणं, रोपवाटिकेत माती चाळणं, जुन्या नोंदी टंकणं. करा आणि करताना विचारा की हे असंच का करायचं.

तळ्याच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्याचं काम घ्या. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरलेली पांढरी थाळी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तळ्यासाठीची थाळी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची, मध्ये मोजपट्टीची दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची. दिसेनाशी होते ती खोली लिहायची, आणखी थोडी खाली जाऊ द्यायची, मग वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली लिहायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. डोळ्यांवरचा गॉगल काढायचा. पाच मिनिटांचं काम, शाळकरी मुलालाही जमेल असं. पण एकाने गॉगल लावून मोजलं आणि दुसऱ्याने काढून, तर तळं गढूळ झालं की माणूस बदलला हे नंतर कळत नाही. फील्डवरची शिस्त असल्याच बारक्या गोष्टींत असते आणि ती शिकायला पुस्तकापेक्षा शेजारी उभा असलेला जुना माणूस बरा.

माझी फजितीही सांगून टाकतो. उमेदवारीच्या काळात सहा कॅमेरा ट्रॅपच्या बॅटऱ्या बदलण्याचं काम माझ्यावर होतं. बदलल्या, वहीत ‘बॅटऱ्या बदलल्या’ असं लिहिलं आणि घरी आलो. दोन महिन्यांनी कार्डं उघडली तर चार कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर परत गेलेलं. रात्रीचा प्राणी भर दुपारी, उन्हाळा जानेवारीत. बॅटरी नेमकी किती वाजता बदलली एवढं जरी वहीत असतं तरी फरक काढून सगळ्या वेळा दुरुस्त करता आल्या असत्या. तेवढंच नव्हतं. माझ्या वरिष्ठांनी आवाजही चढवला नाही. एक पाटी दिली आणि सांगितलं, ‘यापुढे कॅमेरा लावताना आणि काढताना तारीख-वेळ लिहून ही पाटी त्याच्यासमोर धरायची.’ ती सवय अजून आहे.

## पाचवी पायरी: एक छोटं काम पूर्ण करा

तीन-चार महिन्यांनी एक ठरावीक काम स्वतःकडे मागा. त्याला सुरुवात असावी आणि शेवट असावा. ‘संस्थेच्या सोशल मीडियाला मदत’ याला शेवट नाही. ‘लावलेल्या ४०० रोपांपैकी वर्षाअखेर किती जगली, कुठली मेली, का’ याला आहे. हे काम सुचवायचं मुद्दाम कारण आहे: रोपं लावायला गर्दी जमते, जगली का ते पाहायला क्वचितच कुणी येतं. प्रत्येक रोपाला क्रमांक, उंची, पाणी मिळालं की नाही, गुरांनी खाल्लं की वाळलं. शेवटी चार पानांचा अहवाल, एक नकाशा, एक तक्ता. असा अहवाल हातात असलेले उमेदवार मला तरी फार भेटले नाहीत.

तो करता करता हत्यारं आपोआप हाताशी येतात. स्प्रेडशीट नीट शिका: एका रकान्यात एकच गोष्ट, तारीख सगळीकडे एकाच प्रकारे, रिकामा चौकोन आणि शून्य यांत गल्लत नको. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक कामांना पुरतं. संशोधनाकडे जायचं असेल तर आकडेवारीच्या विश्लेषणासाठीची आर ही संगणकभाषा, तीही मोफत. प्रथमोपचाराचा कोर्स आणि वाहनपरवाना या दोन गोष्टी बायोडेटात फिक्या दिसतात, पण फील्डच्या नोकरीत एखाद्या पदविकेपेक्षा जास्त कामाला येतात.

## पैशांबद्दल

फुकट काम किती दिवस करायचं? ज्यांच्या घरून आधार आहे त्यांनाच हा रस्ता परवडतो आणि त्यामुळे हे क्षेत्र काही ठरावीक घरांतल्या माणसांनी भरून जातं, ही तक्रार खरी आहे. म्हणून सुरुवातीलाच मुदत ठरवा. आठवड्यातले काही तास वर्षभर देणं ठीक. पगारी माणसाची जागा भरून पूर्णवेळ काम महिनोन्‌महिने फुकट करून घेतलं जात असेल तर ती स्वयंसेवा उरली नाही. मानधन मागा, नाही तर निघा. प्रवासखर्च मागायला लाजू नका. हंगामी कामं शोधा: घरट्यांच्या हंगामात, पाहणीच्या महिन्यांत, कांड्या-बिया गोळा करायच्या दिवसांत संस्थांना थोड्या काळासाठी पगारी हात लागतात आणि ते बहुधा ओळखीच्या स्वयंसेवकांतूनच घेतले जातात.

आधीच नोकरीत असाल तर ती सोडण्याआधी तिथेच डोकावून पाहा. बऱ्याच कंपन्यांत आयएसओ १४००१ हे १९९६ मध्ये आलेलं पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक पाळलं जातं. त्याच्या अंतर्गत तपासणीला माणसं लागतात आणि उत्साहाने पुढे येणारे कमी. कार्बनचा हिशेब जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या नियमावलीनुसार तीन स्कोपमध्ये, म्हणजे गटांत, मांडतात: स्वतः जाळलेलं इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि कच्चा माल, वाहतूक, प्रवास असं बाकीचं तिसऱ्यात. तुमच्या विभागाचा पहिल्या दोन स्कोपचा हिशेब वर्षभराच्या बिलांवरून तुम्ही मांडून दाखवलात, तर तो पगार घेत मिळवलेला अनुभव झाला.

## अर्ज, आणि तो ‘वशिला’

‘या क्षेत्रात सगळं ओळखीवर चालतं’ असं लोक चिडून म्हणतात. चालतं, पण ही ओळख चहाच्या टपरीवरची नसते. पावसात तुमच्याबरोबर चार तास उभ्या राहिलेल्या माणसाला तुम्ही नोंद खोटी लिहीत नाही हे माहीत असतं, आणि फोन आला की तो तेच सांगतो. शिफारसपत्र काम संपल्याबरोबर मागा; वर्षाने मागितलंत तर तुमचा चेहरा आठवेल, तुम्ही काय केलंत ते आठवणार नाही. मागताना तुम्ही केलेल्या कामांची पाच ओळींची यादी सोबत द्या.

बायोडेटात ‘विविध पर्यावरणीय उपक्रमांत सहभाग’ लिहू नका. ‘११ महिने, ४ ठिकाणं, दर पंधरवड्याला पाण्याचे नमुने, २ नव्या स्वयंसेवकांना पद्धत शिकवली, नोंदींचा तक्ता सोबत’ असं लिहा. मुलाखतीत काय चुकलं असं विचारतील. माझ्यासारखी कॅमेऱ्याची गोष्ट प्रत्येकाकडे असते. ती सांगा आणि पाटीचंही सांगा.

## निघताना

नोकरी लागली, परीक्षा आली किंवा कंटाळा आला, काहीही असो, न सांगता गायब होऊ नका. एक महिना आधी कळवा आणि एका कागदावर सगळं लिहून द्या: नोंदींची शेवटची फाइल कुठे आहे, तिचा सांकेतिक शब्द कुणाकडे दिला, सात नंबरचा खांब पुरात वाकल्यामुळे तिथलं माप कसं घ्यायचं, सेकी थाळीच्या दोरीवरची दीड मीटरची खूण पुसट झाली आहे, आणि होडीच्या खोलीची दुसरी किल्ली कुठल्या खिळ्याला अडकवली आहे.